दह्यातली करंगळी

कऱ्हाडच्या विभागीय अन्नपरीक्षण केंद्रात तीन यंत्रांची तुलना करायचं ठरलं, तेव्हा वृषाली पाटणकरचं मत आधीच बनलेलं होतं. तुलनात्मक अभ्यासात ही मोठी सोय असते. निष्कर्ष हाताशी असला की निरीक्षणं निवांतपणे करता येतात.

साल दोन हजार एक्केचाळीस. कऱ्हाडात दूध ड्रोनने येऊ लागलं होतं आणि तरीही उशिरा येत होतं. केंद्राचे संचालक डॉ. बिडकर यांना वरून निधी मिळाला होता आणि तो परत जाऊ नये म्हणून एखादं यंत्र घ्यायचं होतं. कोणतं घ्यायचं हे ठरवायला समिती नेमली गेली, आणि समितीत काम करणारंही कोणीतरी हवं, म्हणून वृषालीला घेतलं.

अन्नातले जीवाणू मोजताना खरी अडचण मोजण्याची नसते, त्यांना बाहेर काढण्याची असते. पनीरच्या तुकड्याला धरून बसलेला जीवाणू हाक मारली म्हणून बाहेर येत नाही. त्यासाठी अन्न एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, त्यात निर्जंतुक पाणी ओतायचं आणि मग त्या पिशवीला काहीतरी करायचं. ते काय करायचं, यावरच यंत्रायंत्रांचं भांडण.

पहिलं यंत्र केंद्रात आधीपासूनच होतं. त्यात दोन फळ्या आळीपाळीने पिशवीला ठोकत, पोटात अन्न घुसळलं जावं तसं. वृषाली नोकरीला लागली त्या दिवशीही ते ठोकत होतं आणि आजही ठोकत होतं. त्याचं नाव धपाट्या, आणि वृषालीचं मत त्याच्याच बाजूचं. खिचडी, भात, पनीर असलं मऊ काही दिलं की तो खूष. हाडाचा तुकडा आला की पिशवी फाटायची आणि नमुना छताला लागायचा. छतावरच्या डागांवरून केंद्राचा इतिहास सांगता येई.

दुसरा थरथऱ्या. हा ठोकत नसे, पिशवीभोवतालचं कडं प्रचंड वेगाने हलवी. अन्न अख्खंच्या अख्खं राही आणि त्याच्या अंगावरचे जीवाणू पाण्यात उतरत. लगदा होत नसल्यामुळे पाणी नितळ राही आणि पुढचं काम सोपं होई. मात्र अन्नात खोल शिरून बसलेल्यांना त्याच्या थरथरीचं काहीच वाटत नसे.

तिसरा गवई. जीवाणू एका जागी वस्तीला राहिले की स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्याखाली बिनधास्त बसतात. धपाट्याला हा थर दाद देत नाही. गवई त्या थराला नेमका मानवेल असा सूर लावी, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. थर सैल पडे, पण जीवाणूंना धक्का लागत नसे. जिवंत बाहेर पडलेले जीवाणू मग केसाहून बारीक नळीतून एकेक करून प्रकाशासमोरून जात, आणि गवई प्रत्येकाचं कूळ आणि घराणं सांगे. धपाट्याने काढलेले जीवाणू ताटलीत वाढवून मोजायचे तर दोन दिवस जात. गवईचा अहवाल चहा निवायच्या आत हातात येई.

आणि त्या अहवालात तळाशी एक जास्तीचा रकाना असे. त्याचं नाव 'हात'.

यंत्र घेऊन आलेला आल्विन डाबरे मूळचा वसईचा, आणि बोलायला इतका मऊ की तो यंत्र विकतोय की स्थळ दाखवतोय हे कळत नसे. त्याने समितीला समजावून सांगितलं की प्रत्येक माणसाच्या हातावर जीवाणूंची वेगळी वस्ती असते. कणीक मळली, लाडू वळले की त्यातले थोडे अन्नात उतरतात. जुन्या यंत्रांत ते मरायचे किंवा गर्दीत हरवायचे. गवई त्यांना ओळखतो. विषबाधा झाली तर अन्न कोणत्या टप्प्यावर बिघडलं हे शोधता यावं, म्हणून ही सोय. एका घरातल्या, एका रक्ताच्या माणसांच्या हातांतलं साम्यही त्याला कळतं.

"म्हणजे हाताची चव," बिडकर म्हणाले.

"चवीचं नाही सांगत तो, सर. फक्त हात सांगतो," डाबरे म्हणाला. पण तोवर बिडकरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना कल्पना सुचली की ते डोळे मिटत, आणि केंद्रातली माणसं कामाला लागल्यासारखं दाखवत.

तुलनेसाठी एकच अन्न हवं होतं, ज्याचे तीन सारखे वाटे करता येतील. त्यात जिवंत जीवाणू भरपूर हवेत आणि ते कोणी केलं याबद्दल शंका नको. वृषालीची सहकारी नसीम मुजावर हिने विचार करायला अजिबात वेळ घेतला नाही. "पाटणकर मॅडमचं दही," ती म्हणाली, आणि समितीने पहिल्यांदाच एखादी गोष्ट चर्चेविना मंजूर केली.

त्याला कारण होतं. वृषालीच्या डब्यातलं दही हे केंद्राचं एक वैभव होतं. डबा उपडा धरला तरी ते जागचं हलत नसे. चमच्याने घेतलं तर सुरीने कापल्यासारखी कड येई. आंबट नाही, तार नाही, पाणी सुटलेलं नाही. पद्धत विचारणाऱ्या प्रत्येकीला वृषाली शांतपणे उत्तर देई, की यात हातगुण वगैरे काही नसतं. शास्त्र असतं.

तिचं शास्त्र असं होतं. रोज संध्याकाळी दूध तापवून निवत ठेवायचं आणि त्यात तापमापक धरायचा. सासूबाई करंगळी बुडवून दूध कोमट झालंय का बघत, ते तिने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं. करंगळीवर अंश छापलेले नसतात, असं ती म्हणाली होती. मग चमचा घ्यायचा, माहेरून आलेला, स्टीलचा, चांगला जाडजूड. तो ज्योतीवर लाल होईपर्यंत धरायचा. घरोघरी विजेच्या शेगड्या आल्यावरही एवढ्यासाठी तिने गॅसची एक शेगडी राखून ठेवली होती. प्रयोगशाळेत जीवाणू उचलायची तार अशीच जाळून घेतात आणि दहा आकडे मोजून थंड होऊ देतात. वृषालीही दहा आकडे मोजी, चमचा वाटीतल्या विरजणात घाली, चर्र असा आवाज येई, आणि ते विरजण दुधात मिसळून, झाकण ठेवून ती खाली सोसायटीच्या आवारात फिरायला जाई. सकाळी दही तयार.

प्रयोग यशस्वी होत असला की त्याची पद्धत तपासायला कोण जातं?

तर दह्याचे तीन वाटे झाले. डाबरेने पडताळणीसाठी कापसाच्या काडीने वृषालीच्या तळव्याचा नमुनाही घेतला. धपाट्याने दहा धपाट्यांत आपलं काम केलं, थरथऱ्या थरथरला, गवई मान खाली घालून गुणगुणावं तसा गप्प राहिला. मोजणीत थरथऱ्या धपाट्याच्या थोडा पुढे आणि गवई दोघांच्या बराच पुढे. वृषालीने ते जड मनाने लिहून घेतलं. मग डाबरे पडद्याजवळ गेला, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि खोकला.

"मॅडम, यात दोन हात आहेत."

"हो, मला दोनच आहेत," वृषाली म्हणाली.

"तसं नाही. दोन माणसांचे. एकमेकांच्या रक्तातले दिसतात, आई-मुलगा किंवा भावंडं. आणि..." डाबरेचा आवाज आणखी मऊ झाला, "तुमचा हात यात कुठेच नाही. खरं म्हणजे तुमच्या हातावरच कोणी नाही. काडीवर काहीच आलं नाही. तुम्ही किती वेळा हात धुता?"

वृषाली दिवसभर हात धूत असे. नोकरीच ती होती. पण दह्यातही ती नाही, हे ऐकून तिच्या मनात आलेली पहिली भावना सुटकेची होती. यंत्र चुकीचं आहे हे आता तिला सिद्ध करायची गरज नव्हती, त्यानेच केलं होतं. दही तिने स्वतः लावलं होतं. ज्या यंत्राला एवढं कळत नाही त्याच्या बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? तिने मसुद्यात लिहिलं: गवई अविश्वसनीय, धपाट्या कायम ठेवावा. समितीची बैठक पुढच्या सोमवारी होती. डाबरेने काही वाद घातला नाही. तो फक्त आपल्या यंत्रावर कापड घालून, एखाद्या आजाऱ्याजवळ बसावं तसा बसून राहिला.

वाद नसीमने घातला. तिने मागच्या वर्षीच्या एका शाळेतल्या प्रकरणाची आठवण काढली. मुलांना खिचडीतून बाधा झाली होती. धपाट्याने सगळी खिचडी बडवून काढली, त्याला काही सापडलं नाही. कोणावर तरी ठपका ठेवायला हवा होता, म्हणून शिजवणाऱ्या दोघी बायकांना घरी बसवलं. पुढे पाण्याच्या टाकीच्या तळाशी तो चिकट थर सापडला, पण तोवर शाळेने दुसऱ्या बायका नेमल्या होत्या. गवई असता तर दुपारच्या आत कळलं असतं, हे वृषालीलाही ठाऊक होतं.

"वाटीभर दह्यासाठी त्याला नापास करू नका," नसीम म्हणाली. "आधी घरी बघा."

"घरी काय बघायचं?"

"ते मी कशी सांगू? यंत्र म्हणतंय, रक्ताचे दोघं. तुमच्या घरात असे किती आहेत?"

वृषालीने मोजलं नाही, कारण उत्तर मोजण्याइतकं मोठं नव्हतं. घरात तिच्याखेरीज दोनच माणसं होती.

दरम्यान गवईची बातमी गावात फुटली. ती बिडकरांनीच फोडली असणार, कारण वर्तमानपत्रात त्यांचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मागच्या दाराला माणसं डबे घेऊन उभी. एका नामांकित केटररच्या 'आजीच्या हातचे' बेसनलाडूंत गवईला हातच सापडला नाही, आजीचा नाही आणि कोणाचाच नाही. ते लाडू जन्मापासून यंत्रातच होते. एका नगरसेवकाच्या पत्नींच्या पुरणपोळीत त्यांच्या स्वयंपाकीणबाईंचा हात निघाला आणि त्या बाईंनी त्याच दिवशी पगारवाढ मागितली. एका मुलाकडच्यांनी मुलीने केलेले पोहे तपासायला आणले. तेव्हा त्या मुलीने निरोप पाठवला, की मुलाने आजवर केलेला कोणताही पदार्थ तपासायला मीही आणते, एखादा आठवत असेल तर सांगा. ते स्थळ तिथेच मोडलं, आणि मुलीच्या घरी म्हणे त्या आनंदात पुन्हा पोहे झाले.

बिडकर हरखून गेले होते. त्यांनी 'हस्त-प्रमाणपत्र' असा शब्दही तयार केला. सोनेरी काठ, केंद्राचा शिक्का, खाली त्यांची सही. गवई पास झाला तर एवढ्याचसाठी व्हावा, अशी त्यांची तळमळ होती.

वृषालीला या सगळ्यात रस नव्हता. तिला दोन माणसांच्या हातांचे नमुने हवे होते आणि ते त्यांना न कळता हवे होते.

तिचे पती रणधीरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नाव रणांगणावरचं, पण माणूस असा की कॅनॉलचं पाणी सोडतानाही बहुधा त्यांनी त्याला विचारलं असेल. त्या संध्याकाळी ते बातम्या बघत असताना वृषाली शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. रणधीररावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. थोड्या वेळाने त्यांनी टीव्हीच बंद केला. हातात हात घेऊन बसायची सवय त्या घरातून केव्हा गेली ते कोणालाच आठवत नव्हतं. ओढणीआडून कापसाची काडी त्यांच्या तळव्यावरून फिरली, तेव्हा त्यांना गुदगुल्या झाल्या, पण क्षण इतका दुर्मीळ होता की ते हसले नाहीत.

"बरं वाटतंय ना तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. तुम्ही हलू नका जरा."

सासूबाईंना, म्हणजे शालनताईंना, नखं कापून देते असं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मग उजव्या हाताची करंगळी तेवढी मागे घेतली. तिचं नख नको कापूस, म्हणाल्या, परवाच कापलंय. वृषालीने काडी नेमकी त्या करंगळीवरून फिरवली. शालनताई चष्म्यावरून सुनेकडे बघत राहिल्या, पण काही बोलल्या नाहीत. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला काय बोलू नये हे बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी गवईने चहा निवायच्या आत सांगितलं: पहिला हात रणधीररावांचा. दुसरा हात शालनताईंचा. डाबरे नजर खाली घालून उभा राहिला. जिंकलेल्या माणसाने कसं उभं राहावं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी वृषालीने नेहमीसारखं सगळं केलं. तापमापक, ज्योत, दहा आकडे, चर्र, झाकण. चपला घालून खाली गेली. पण आवारात न जाता पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली, मग परत वर आली, आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तिला रागावायचं होतं. कशासाठी, ते बघून ठरवणार होती.

आधी रणधीरराव आले. त्यांनी फ्रिजमधून मागच्या बाजूची एक छोटी वाटी काढली. पातेल्यावरचं झाकण उचललं, करंगळी दुधात बुडवून डोळे बारीक केले, मान डोलावली, वाटीतलं विरजण सोडलं आणि हलकेच ढवळलं. सगळं इतक्या सराईतपणे, की वृषालीला आपण एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघतोय असं वाटलं. वाटी धुऊन ते गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेले.

तुळशीच्या पाण्याचा आवाज सुरू होताच शालनताई काठी न टेकता आल्या. एरवी त्यांना काठी लागत असे. त्यांनी पदराखालून आपली वाटी काढली, झाकण उचललं, करंगळी बुडवली, मान अगदी मुलासारखी डोलावली, विरजण सोडलं, ढवळलं, आणि वाटी पुन्हा पदराखाली नेली. मग मागे वळल्या, तर दारात सून आणि गॅलरीच्या दारात मुलगा, हातात रिकामा तांब्या.

पहिल्या शालनताईच सावरल्या, आणि त्यांनी मुलावर डोळे वटारले.

"तू का रे बघतोस? तुझं तुळशीचं काम झालं का?"

"आई, तू विरजण घातलंस?"

"मग काय दूध ठेवू सकाळपर्यंत? तिचं विरजण जळतंय रोज. चर्र म्हणतंय, ऐकू येत नाही तुला? एवढा जाड चमचा, तापलेला. त्यात काय जिवंत राहणारे?"

"मला काय सांगतेस? मी रोज घालतोय," रणधीरराव म्हणाले, आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो.

वृषाली खुर्चीवर बसली. तार आणि चमचा. तार दहा आकड्यांत निवते, चमचा नाही निवत. एवढी साधी गोष्ट. उष्णतेचं गणित तिने विद्यार्थ्यांना शिकवलं होतं आणि घरी रोज न चुकता विरजणाचा बळी दिला होता. आणि ज्या दह्यावर तिने एवढा भाव खाल्ला, ते दही दोन हातांनी, एकमेकांपासून लपून, लागत आलं होतं. म्हणूनच ते इतकं घट्ट लागायचं. त्यात दुप्पट विरजण असायचं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पहिल्यापासून," शालनताई म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात तू पहिल्यांदा असं दही लावलंस. सकाळी पातेल्यात दूध होतं नुसतं. ते तुझ्या आधी मी बघितलं, काढून घेतलं आणि शेजारचं दही ओतलं. तू ते वाढलंस तेव्हा तोंड असं होतं तुझं, की परीक्षेत पहिली आलीस. हा काहीतरी बोलला असता तर? त्या वयात फटकळ होता."

"मी फटकळ?" रणधीरराव म्हणाले. "मी तर तुला घाबरून घालत होतो. म्हटलं, दूध लागलं नाही हे आईला कळलं तर ती हिला दिवसभर ऐकवील."

"मी ऐकवते?"

"तू करंगळीवरून आठवडाभर ऐकवलंस."

"ते करंगळीबद्दल. दह्याबद्दल अवाक्षर नाही काढलं."

वृषालीला रागावायचं होतं हे तिच्या लक्षात होतं. तिने तसा प्रयत्नही केला. पण समोर एक माणूस तांब्या घेऊन उभा होता, एक बाई पदराखाली वाटी लपवून उभी होती, आणि दोघंही तिला एकमेकांपासून वाचवत आले होते. तिला हसू फुटलं. ते आवरेना, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा हसू. शालनताईंनी रणधीररावांना विचारलं की ही रडतेय की हसतेय. रणधीरराव म्हणाले, मला वाटतं दोन्ही, पण तू काही बोलू नकोस.

"आता उद्यापासून कोणी काही घालायचं नाही," वृषाली शेवटी म्हणाली. "मी लावणार. माझं मी. मला बघायचंय ते."

दोघांनी शब्द दिला. रणधीररावांनी तांब्यावर हात ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी वृषालीने दूध निवत ठेवलं. तापमापक काढला, बघितला, आणि परत डब्यात ठेवला. मग उजव्या हाताची करंगळी दुधात बुडवली. कसलं तापमान आहे ते तिला अजिबात कळलं नाही. तिने बाहेरच्या खोलीकडे पाहून विचारलं, की कोमट म्हणजे नेमकं किती. शालनताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाळाला अंघोळ घालायचं पाणी असतं ना, तेवढं." हे मात्र कळलं. चमचा तिने ज्योतीवर धरला नाही. धुतला, पुसला, विरजण घेतलं, मिसळलं. चर्र झालं नाही. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच इतक्या शांततेत दही लागत होतं. ती झाकण ठेवून फिरायला गेली.

सोमवारी सकाळी दही लागलेलं होतं. घट्ट, सुरीने कापावं असं. वृषालीने पातेल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डबा भरून बैठकीला नेला.

बैठकीत तिने आधीचा मसुदा फाडला. सगळ्यांसमोर सांगितलं, की गवई चुकला नव्हता, ती चुकली होती. गरम चमच्याची गोष्टही तिने सांगितली, नावानिशी. तिच्या हाताखाली शिकलेले दोघंजण तिथे होते, त्यांनी छताकडे बघून धपाट्याचे जुने डाग मोजायला घेतले. नसीम मात्र उघड हसली. मग वृषालीने आजचं दही पुढे केलं आणि म्हणाली, हे मी स्वतः, एकटीने लावलंय. यंत्राची ही शेवटची परीक्षा. यात एकच हात निघाला पाहिजे.

डाबरेने तिच्या करंगळीवरून पुन्हा काडी फिरवली, आणि रविवारच्या सुट्टीनंतर या वेळी काडीवर काहीतरी आलं. गवई गप्प राहिला. डाबरेने पडदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. या वेळी तो खोकला नाही, पण ओठ घट्ट दाबून धरले.

"मॅडम, तीन."

"तीन?"

"तुमचा आहे. या वेळी स्पष्ट आहे, सगळ्यात ठळक. आणि... ते दोघंही आहेत."

वृषालीने पडद्यावर वाकून पाहिलं. एकाखाली एक तीन नावं. तांब्यावर हात ठेवून दिलेला शब्द आणि त्र्याऐंशी वर्षांचा शब्द, दोन्ही दह्यात विरघळले होते. तिची सावली अजून आवारात पोचली नसेल तोच दोघं निघाले असणार, परत एकमेकांना चुकवून. तिने दही चाखून बघितलं. चांगलं होतं. तिचं किती आणि त्यांचं किती, हे सांगणारं यंत्र तिला नको होतं.

मग तिने शिफारस सांगितली. गवई घ्यावा. कोणी आजारी पडलं की तो आधी लावावा, म्हणजे पुढच्या वेळी टाकीचा दोष शिजवणाऱ्यांच्या माथी येणार नाही. धपाट्या मऊ अन्नासाठी ठेवावा, कारण तो म्हातारा झाला तरी आपला आहे. थरथऱ्या परत पाठवावा. आणि 'हात' हा रकाना कुलूपबंद ठेवावा. विषबाधा झाली तरच उघडावा, प्रमाणपत्रासाठी नाही, लग्नासाठी नाही, कुतूहलासाठी तर मुळीच नाही.

बिडकरांनी डोळे मिटले. "पण लोकांना कळायला नको, कोणी काय केलंय ते?"

"सर," वृषाली म्हणाली, "तुमच्या डब्यातली आमटी कोणाची आहे, ते आत्ता लावून बघूया?"

बिडकरांनी डोळे उघडले आणि डबा जवळ ओढला. शिफारस एकमताने मंजूर झाली. उरलेलं दही समितीने तिथल्या तिथे संपवलं. डाबरेने दोनदा घेतलं. नसीमने त्याच दुपारी त्या शाळेला पत्र पाठवलं, आणि पुढच्या सत्रात त्या दोघी पुन्हा खिचडी शिजवू लागल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर दोघांनी विचारलं, काय निघालं. रणधीररावांचं लक्ष तुळशीकडे होतं आणि शालनताईंचं काठीकडे.

"एकच हात," वृषाली म्हणाली. "माझा."

"बघ," शालनताई मुलाला म्हणाल्या, "जमलं की नाही तिला."

रणधीररावांनी समाधानाने मान डोलावली. आपलं गुपित टिकलं, असं दोघांनाही वाटलं, वेगवेगळं.

वृषाली अजूनही रोज दही लावते. करंगळीला आता बऱ्यापैकी कळायला लागलंय. लावून झालं की झाकण ठेवते, चपला घालते, जिन्यावर मुद्दाम पाय आपटत खाली जाते आणि आवाराची एक फेरी जास्त मारते. घरात दोन माणसं आहेत, त्यातल्या एकीचं वय झालंय. वेळ पुरायला हवा.